पाणकणीस किती काढायचं?

टिबुकली | ९ मार्च, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असते. आज अडलंय म्हणून धागा काढतेय.

आम्ही बारा-पंधरा जण गेली चार वर्षं आमच्या तळ्यावर जातोय. रविवारी पक्षी बघायचे, जानेवारीत गणना करायची, आणि उन्हाळा लागला की वनखात्याची परवानगी काढून कोयते घेऊन पाण्यात उतरायचं. तळ्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. गर्दी नकोय.

मागच्या एप्रिलमध्ये पूर्वेच्या काठाचं पाणकणीस (उथळ पाण्यात दाट वाढणारी उंच गवतासारखी वनस्पती) काढलं. थोडंफार नाही, सगळं. चार रविवार गेले. शेवटच्या दिवशी बांधावर उभं राहिलो तर समोरचा काठ आरपार दिसत होता. ग्रुपवर फोटो, टाळ्या, सगळं झालं.

या जानेवारीत गणनेला त्याच काठावर बसले. जांभळ्या पाणकोंबड्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. आदल्या वर्षी तिथेच खुणा करता करता वहीचं पान उलटावं लागलं होतं. बिटर्न (दाटीत लपून राहणारा बगळ्याच्या कुळातला पक्षी) दिसलाच नाही. मात्र उघड्या पडलेल्या चिखलावर शेकाटे, तुतवार, चिखले अशी जत्रा भरलेली, जी आधी कधीच नव्हती.

म्हणजे आम्ही कमावलं की गमावलं? ग्रुपमध्ये सरळ दोन तट पडलेत. अर्धे म्हणतात यंदा पश्चिमेचा काठही साफ करू. अर्धे म्हणतात आता कशालाही हात लावायचा नाही. मी मध्ये लोंबकळतेय. ज्यांनी असं काम केलंय त्यांनी सांगा.

नवा_भिडू | ९ मार्च, रात्री १०:४०

काठ स्वच्छ झाला की पक्षी वाढणारच ना? बाकीचा कचराही काढून टाका. आणि काठाने झाडं लावा. पावसाळ्यात आमची पन्नास जणांची टीम रोपं घेऊन येऊ शकेल.

काठावरचा_दगड | ९ मार्च, रात्री ११:०५

नवा_भिडू, उत्साहाला सलाम, पण रोपं घरीच ठेवा.

पाणथळीच्या कडेचं उघडं माळरान ही 'मोकळी जागा' नसते. टिटवी तिथेच अंडी घालते. चंडोल, धोबी तिथेच चरतात. चिखलात चोच खुपसून बसणाऱ्या पक्ष्यांना चहूबाजूंनी लांबवर दिसावं लागतं. काठाला उंच झाडांची रांग आली की शिकारी पक्ष्याला बसायला आयती फांदी मिळते आणि ही मंडळी तो काठ सोडून देतात. एका तलावावर अशाच हौशी लागवडीनंतर दहा वर्षांनी गेलो होतो. सावली झकास होती. झाडीत बुलबुल आणि साळुंक्या होत्या, चिखलावर कोणीच नाही.

'स्वच्छ' हा शब्दच मला इथे खटकतो. पाणकणीस म्हणजे कचरा नव्हे.

वनस्पती_वेडी | १० मार्च, सकाळी ७:२०

+१ दगडकाका.

टिबुकली, एक विचारते. मागच्या वर्षी एप्रिलमध्ये कापलंत तेव्हा पाणी किती होतं? आणि त्याआधी कधी कापून पाहिलं होतंत का?

टिबुकली | १० मार्च, सकाळी ८:०२

एप्रिलमध्ये तिथे जेमतेम घोट्याएवढं पाणी होतं. बुडख्यापाशी कापलं. त्याआधी दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरात कापलं होतं. तेव्हा मांडीपर्यंत पाणी होतं, वाकायचा कंटाळा, म्हणून पाण्याच्या वर वीतभर ठेवून सपासप उडवलं. महिन्याभरात पुन्हा कमरेएवढं! तेव्हा वाटलं की हे मरतच नाही. मागच्या वेळचं मात्र फुटलं नाही. का, ते अजून कळलेलं नाही.

वनस्पती_वेडी | १० मार्च, दुपारी १:३५

कळलं. तुम्ही ते नकळत बुडवून मारलंत.

कधी पाणकणसाचं देठ आडवं कापून उन्हात धरून बघा. आत स्पंजासारखी जाळी दिसेल, घरं-घरं असलेली. ती घरं हवेची. मुळाचा जाडजूड कांडा काळ्या चिखलात असतो आणि त्या चिखलात प्राणवायू जवळपास नसतोच. वरच्या पानांतून त्या जाळीमार्फत खाली हवा जाते, त्यावर कांडा जगतो. तुम्ही पाण्याच्या वर कापलंत तेव्हा नळ्यांची तोंडं हवेत उघडीच राहिली, म्हणून ते जोमाने फुटलं. एप्रिलमध्ये बुडख्याशी कापलंत आणि पुढे पावसाचं पाणी थेट त्या खुंटांवर चढलं. तोंडं बंद, हवा बंद, कांडा कुजला.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. वाळलेली उभी देठंही खाली हवा पोचवतात, त्यामुळे फक्त हिरवं कापून भागत नाही. आणि खुंट पाण्याखाली सलग काही आठवडे राहायला हवेत. पाऊस लांबला आणि तेवढ्यात कोंब वर आले तर मेहनत वाया.

म्हणजे तुमच्या हातात आता खरंच चालणारं हत्यार आहे, म्हणूनच जपून वापरा. न चालणाऱ्या हत्याराने नुकसान होत नव्हतं.

दुर्बीणवाली | १० मार्च, रात्री ९:१५

शेवटच्या दोन वाक्यांसाठी वाचनखूण साठवली.

पाणकोंबड्यांबद्दल लिहिते. ती लाल चोचीची बया पाणकणसात नुसती लपत नाही, तेच खाते. कोवळं देठ उपसते, पायाच्या लांब बोटांत पोपटासारखं धरते आणि सोलून आतला पांढरा गाभा खाते. एकदा दहा फुटांवरून पाहिलंय. चघळल्याचा कुरकुर आवाजही येत होता. घरटंही त्याच दाटीत बांधते. तुम्ही तिचं घर आणि कोठी दोन्ही एकदम काढलं, तर ती जाणारच.

बिटर्नचं तसंच. तो मान वर करून देठांमध्ये देठ होऊन उभा राहतो. देठच नसतील तर उभा कुठे राहणार?

काठावरचा_दगड | ११ मार्च, सकाळी ६:५०

आता 'कमावलं की गमावलं' याकडे येतो. प्रश्न खोलीचा आहे.

छोटे तुतवार, चिखले यांना चार-पाच सेंटिमीटरपेक्षा जास्त पाणी चालत नाही. पाय तेवढेच! शेकाट्याला वीतभर चालतं. थापट्या, तलवार बदक, चक्रांग ही वरवर चरणारी बदकं, शेपूट वर करून मान पोचेल तेवढंच पाणी त्यांना हवं, फार तर फूटभर. वारकरी आणि टिबुकल्या (धागाकर्ती नव्हे) बुड्या मारतात, त्यांना खोल पाणी लागतं. पाणकोंबड्या, बिटर्न, वटवटे यांना दाटी हवी. कमळपक्ष्याला तरंगती पानं हवीत.

एकाच काठावर हे सगळं एकदम मिळणार नाही. पण एका तळ्यावर मिळू शकतं. तुम्ही चूक केली ती कापण्यात नाही, काठाची पूर्ण लांबी एकजात कापण्यात. तीच मेहनत पट्ट्यापट्ट्यांत केली असतीत तर दोन्ही मंडळी नांदली असती.

गमबूट | ११ मार्च, दुपारी १२:१०

मी टिबुकलीच्याच ग्रुपमधला, 'पश्चिमही साफ करू' पार्टीचा. इथे सगळे आम्हाला झोडपणार हे दिसतंय, म्हणून थोडं बोलतो.

चार वर्षांपूर्वी या तळ्याचा तिसरा हिस्सा पाणकणसाने आणि उरलेल्याचा बराचसा जलपर्णीने गिळला होता. बदकं उतरायची बंद झाली होती. आम्ही हात लावला नसता तर आज मोजायला पाणीच उरलं नसतं. 'निसर्गाला त्याचं त्याचं करू द्या' हे घरात बसून म्हणायला छान असतं. वरून सांडपाणी आत येतंय, खाली बांध घातलाय, यात निसर्गाचं त्याचं त्याचं काय उरलंय?

वनस्पती_वेडी | ११ मार्च, दुपारी २:४५

गमबूट, तुमचा राग समजतो आणि मुद्दा बरोबर आहे. कोणीही हात न लावता सोडलं तर पाणकणीस खोल पाणी वगळता सगळीकडे पसरेल. दरवर्षी मेलेली पानं साचत साचत तळ भरत जाईल आणि शेवटी तिथे जमीन होईल. हस्तक्षेप हवाच, वाद फक्त किती आणि कुठे याचा आहे.

जलपर्णीबाबत मात्र मी तुमच्या बाजूने, बऱ्यापैकी निर्दय. ती मूळची दक्षिण अमेरिकेची. हवामान जुळलं की दोन आठवड्यांत दुप्पट होते. तिचं बी चिखलात पंधरा-वीस वर्षं जिवंत राहतं. आणि वजनाचा जवळपास ९५ टक्के भाग पाणी, म्हणजे तुम्ही पाठ मोडून जे वाहून नेता ते मुख्यतः पाणीच असतं :)

१९८० च्या दशकात भारतात तिच्यावर निओकेटिना जातीचे सोंडकिडे सोडले गेले, तेही तिच्याच मूळ प्रदेशातले. पानांवर लहान गोल खरवडलेले डाग दिसले तर ते त्यांचं काम. मदत होते, पण सांडपाण्यातलं नत्र-स्फुरद येत राहिलं तर किड्यांपेक्षा वनस्पतीचा वेग जास्त. नाला अडवल्याशिवाय हा प्रश्न सुटत नाही, आणि नाला कोयत्याने अडत नाही.

गमबूट | ११ मार्च, रात्री ८:३०

जलपर्णीवरून आठवलं, आमची फजिती सांगतो. पहिल्या वर्षी तीन रविवार उपसून बांधाच्या उतारावर ढीग रचला. डोंगर झाला होता, त्यावर चढून फोटो. जूनच्या पहिल्या वळवात अर्धा डोंगर घसरून परत पाण्यात. पुढच्या रविवारी गेलो तर त्याच्या वर नवी फुलं!

तेव्हापासून उतारावर ठेवत नाही. पाण्याच्या रेषेपासून लांब, पातळ पसरवून वाळवतो. जाड ढीग आतून वाळत नाही आणि त्यात सापही शिरतात. ट्रॅक्टरच्या दोन ट्यूबांवर फळी बांधून तराफा केलाय, खोलातली जलपर्णी दाताळ्याने ओढून त्यावर टाकायची आणि दोराने काठाला खेचायची. पाठीला फार आराम.

बेशरम या झुडपाची वेगळीच तऱ्हा. कापलेली फांदी ओल्या जमिनीवर पडली तरी रुजते. मुळासकट उपटायची, आणि तुकडे मोजून घ्यावेत इतकं जपून उचलायचे.

म्हशीवाला | १२ मार्च, सकाळी ११:२०

राम राम. पहिल्यांदाच लिहितोय इथं. भाच्याने धागा दाखवला. तळ्याचं नाव नाही लिहिलं तरी मला वळखू आलं, ती ट्यूबची होडी मी पाहिलीय.

आमचं घर तळ्याच्या वरल्या अंगाला. आज्याच्या काळापासनं म्हशी तिथं. आज्याच्या टायमाला पाणकणीस होतं, पण असं नव्हतं. म्हशी उन्हाळ्यात कोवळं खायच्या, चिखलात लोळायच्या, त्या लोळायच्या जागी डबकी व्हायची आन् तिथं ते लाल पायाचे बारके पक्षी फिरायचे. माणसं छपराला न्यायला उभं पाणकणीस कापायची, पण एका टायमाला एकच तुकडा, लागंल तेवढा. पुढल्या साली दुसरीकडं.

मग छपरावर पत्रे आले. कापणारी माणसं गेली. आन् तीन वर्सांमागं तुमच्या लोकांनी उत्तरंच्या कोपऱ्यात पाटी लावली, 'गुरे चारण्यास सक्त मनाई'. म्हशी गेल्या. आता तुम्ही रविवारी येऊन म्हशीचं काम करताय. करा. पण म्हैस हे काम फुकट करत होती.

दुर्बीणवाली | १२ मार्च, सकाळी ११:५२

धाग्यातला आतापर्यंतचा सर्वात भारी प्रतिसाद. बाकी काही नाही.

काठावरचा_दगड | १२ मार्च, दुपारी ४:१५

म्हशीवाले भाऊ, तुम्ही जे सांगितलंत ते भरतपूरला फार मोठी किंमत देऊन शिकावं लागलं.

तिथल्या केवलादेवला १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाल्यावर गुरांना बंदी घातली. गावकऱ्यांनी विरोध केला, पोलिसांचा गोळीबार झाला, माणसं मेली. समज असा होता की म्हशी गेल्या की पक्ष्यांना रान मोकळं होईल. झालं उलटं. पॅस्पॅलम नावाचं पाणगवत म्हशी खाऊन आटोक्यात ठेवत होत्या. ते उथळ पाण्यावर गालिच्यासारखं पसरलं. मोकळं पाणी झाकलं गेलं, बदकांना चरायला जागा उरेना. ज्या संस्थेच्या मंडळींचा बंदीला पाठिंबा होता त्याच बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) दहा वर्षांच्या अभ्यासातून हे पुढे आलं. संस्थेने ते लपवलं नाही, याचं मला फार कौतुक वाटतं.

तिथेच पुढे वेड्या बाभळीचं रान माजलं तेव्हा ती उपटायला गावकऱ्यांनाच बोलावलं, लाकूड त्यांचं.

म्हणून सगळीकडे म्हशी सोडा असं मी म्हणत नाही. भलत्या महिन्यात शिरलेला कळप टिटवीची अंडी तुडवतोच. पण कोण कधीपासून काय काम करत आलंय हे आधी न बघता पाटी ठोकणं, हा आपल्या पक्षीवाल्यांचा जुना रोग आहे. मीही ठोकल्यात.

टिबुकली | १२ मार्च, रात्री ९:३०

म्हशीवाले दादा, ती पाटी लावताना मी खिळे धरले होते. ते गायरान आहे, राखीव क्षेत्राच्या हद्दीबाहेर, हेही तेव्हा आम्हाला धड माहीत नव्हतं. वनरक्षकांशी बोलते आणि तुम्हाला भेटायला येते. खरंच.

शेपटीवाला | १३ मार्च, सकाळी ९:००

मी फोटोग्राफर, शिव्या खायची तयारी ठेवून विचारतो. काम करायला सर्वात निर्धोक महिना कोणता? म्हणजे आम्हीही त्या काळात लपणी-बिपणी हलवू.

दुर्बीणवाली | १३ मार्च, दुपारी १:१०

'निर्धोक' महिना नाहीच, तीच गंमत आहे. ऑक्टोबर ते मार्च पाहुणे असतात. हजारो किलोमीटर उडून आलेले, त्यांना चरू द्यायचं आणि परतीची चरबी साठवू द्यायची. (इथे तुमचा विषय: उडतानाचा फोटो हवा म्हणून थवा उठवायचा नाही. पट्टकदंबांचा कळप सकाळी चारदा उठवला तर त्यांनी खाल्लेलं उडण्यातच जातं.) मार्च ते जून टिटवी, शेकाट्या, छोटा चिखल्या उघड्या जमिनीवर अंडी घालतात. पावसाळ्यात पाणकोंबड्या, कमळपक्षी, हळदीकुंकू बदक, अडई, सुगरण यांची वीण.

त्यातल्या त्यात पाहुणे गेल्यावर आणि पाऊस यायच्या आधी, म्हणजे एप्रिल ते मेचा मध्य. पण पाणकणसातच शिरायचं, उघड्या चिखलावरून ये-जा करायची नाही. कोयता उचलायच्या आधी एकाने दुर्बिणीतून अर्धा तास नुसतं बसून बघायचं. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालतेय म्हणजे तुम्ही तिच्या अंड्यांच्या जवळ आहात. ती अंडी खड्यांत खडे असतात, पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. मी एकदा टाच उचलली तेव्हा खाली चार होती, शाबूत. पुढचा अर्धा तास हात थरथरत होते.

आणि पाऊस सुरू झाला की दाटीला हात लावणं बंद. कायद्यानेही घरटी-अंडी नष्ट करणं गुन्हा आहे, १९७२ पासून. आम्हाला जुलैत एका हौशी गटाने बोलावलं होतं. तिसऱ्याच फटक्याला कापलेल्या देठांखाली विझलेल्या कोळशासारखी काळी पिल्लं निघाली. काम तिथेच थांबवलं.

नवा_भिडू | १३ मार्च, रात्री १०:२०

रोपं कॅन्सल :) पण माणसं पन्नास आहेतच. त्यांचं काय करू? आणि आपलं तळं रामसर यादीत, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत, जाऊ शकतं का?

काठावरचा_दगड | १४ मार्च, सकाळी ७:०५

पन्नास माणसं एकदम पाण्यात नकोत. दहादहाच्या तुकड्या पाच रविवार आणा. निम्म्यांना वाहतुकीला लावा, कापण्यापेक्षा वाहणं जास्त असतं. पायात गमबूट हवेतच. पायाला जखम असेल त्याने काठावर थांबायचं, अशा पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो, उगीच शौर्य नको.

रामसर: इराणमधल्या त्या गावी २ फेब्रुवारी १९७१ ला करार झाला, म्हणून त्या दिवशी पाणथळ दिन. निकष नऊ आहेत, पक्ष्यांचे दोन. नियमितपणे २०,००० पाणपक्षी, किंवा एखाद्या जातीच्या एका समूहाचा किमान एक टक्का. महाराष्ट्रात पहिलं नांदूर मधमेश्वर, २०२० मध्ये. तेही गोदावरी-कादवेच्या संगमावर बंधारा घातल्यामुळे झालेलं पाणी, म्हणजे माणसाच्याच हातचं. मग त्याच वर्षी लोणार, २०२२ मध्ये ठाण्याची खाडी. आपल्या तळ्याला दर्जा मिळेल न मिळेल, पण अर्ज करायचा म्हटला तरी पहिल्यांदा विचारतील ते वर्षानुवर्षांचे आकडे. तेव्हा मोजा.

नवा_भिडू | १४ मार्च, सकाळी ७:४०

मोजतात कसं पण? मला तर पाण्यावर काळे ठिपके दिसतात.

दुर्बीणवाली | १४ मार्च, सकाळी ११:३०

सूर्य पाठीशी येईल असा काठ निवडा, सकाळी, आणि दरवर्षी तीच जागा. समजा वारकऱ्यांचा मोठा थवा आहे. थव्याच्या टोकाला दहा पक्षी एकेक करून मोजा. त्या दहांनी दुर्बिणीच्या चकतीत किती जागा व्यापली ती नजरेत मुरवा. मग तसल्या दहा जागा म्हणजे शंभर. आता शंभराचा गठ्ठा नजरेत बसला, तो थव्यावर पुढे पुढे सरकवत न्या. मधला दाट भाग आणि कडेचा विरळ भाग यांना एकच माप लावू नका, सगळे नवखे तिथेच फसतात. मिश्र थवा असेल तर आधी एकूण, मग जातींचं प्रमाण.

एकाने मोजायचं, एकाने लिहायचं. दोघांनी मोजलं आणि आकडे वेगळे आले तर पुन्हा मोजा. मध्यावर सौदा करू नका. आणि मध्येच भोवत्या (शिकारी पक्षी) वरून तरंगत गेला की सगळा थवा फडफडून उठतो, तेव्हा शांतपणे शून्यापासून सुरुवात. जे दिसले नाहीत तेही लिहा. 'बिटर्न ०' हा आकडाच आहे.

आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून जानेवारीत होते, आपले आकडे त्यात जाऊ शकतात. टिबुकलीला पाणकोंबड्या गेल्याचं कळलं ते आदल्या वर्षीची वही होती म्हणून. नाहीतर ग्रुपवरच्या टाळ्यांवरच गोष्ट संपली असती.

टिबुकली | २४ मे, रात्री १०:४५

धागा वर काढतेय. बरंच घडलं.

वनरक्षक, म्हशीवाले दादा, गमबूट आणि मी असे चौघे तळ्याभोवती पायी फिरलो. पश्चिमेच्या काठाचे सहा तुकडे पाडले, बांबू रोवून. यंदा त्यातले दोनच कापले, शेजारशेजारचे नाहीत. कापलेल्या तुकड्याची कड सरळ ठेवली नाही, खाचाखाचांची ठेवली, म्हणजे दाटी आणि पाण्याची शिवण लांब होते. (गमबूटने 'दातेरी पोळी' म्हणून चेष्टा केली, पण कापलं त्यानेच.) वाळकी देठंही काढली. पूर्वेला जे कोंब परत येताहेत त्यांना हात लावलेला नाही.

दोन रविवार मोडले. एकदा शेकाट्याचं घरटं वाटेतच निघालं, तेव्हा त्या बाजूचं काम सोडून दिलं. एकदा नवा_भिडूचा पाय मांडीपर्यंत रुतला आणि बूट तिथेच राहिला. काळ्या चिखलाला सडक्या अंड्यांचा वास येतो, तो गाडीत दोन दिवस होता म्हणे.

पाटी काढली. उत्तरेच्या गायरानात मे अखेरपर्यंत म्हशी येतील, पाऊस लागला की नाही. जिथे टिटव्या आहेत तिथे दादांनी स्वतःच काटेरी फांद्या टाकल्या.

गमबूट | २४ मे, रात्री ११:१०

बूट सापडला तर कळवा. डावा, दहा नंबर.

टिबुकली | ९ ऑगस्ट, सायंकाळी ६:२०

छोटी बातमी. कापलेले दोन्ही तुकडे पाण्याखाली आहेत, कोंब नाही. मधल्या न कापलेल्या तुकड्यातून पाणकोंबड्यांची भांडणं ऐकू येतात.

जलपर्णीचा एक छोटा ठिगळाएवढा भाग यंदा मनुष्यबळ कमी पडलं म्हणून राहून गेला होता. त्यावर लांब शेपटीच्या कमळपक्ष्याने अंडी घातलीत. नरच उबवतोय, मादी पुढच्या संसाराला निघून गेली असावी. वनस्पती_वेडी, निर्दयपणा पावसाळ्यापुरता स्थगित ठेवतेय.

वनस्पती_वेडी | ९ ऑगस्ट, रात्री ८:००

ठेवा ठेवा. पिल्लं पाण्यावर उतरून ती जागा सोडून गेली की मला कळवा, मी दाताळं घेऊन येते.

टिबुकली | १९ जानेवारी, रात्री ९:०५

आज गणना झाली. पश्चिमेच्या उरलेल्या चार तुकड्यांत पाणकोंबड्या भरपूर, वहीचं पान उलटलं. पूर्वेला अजून फारशा नाहीत, कोंब गुडघ्याएवढेच आहेत. कापलेल्या दोन खिडक्यांत चक्रांग आणि थापटे, अगदी दाटीला खेटून. चिखलावरचे छोटे पक्षी मागच्या वर्षीपेक्षा कमी, कारण यंदा पाणी जास्त काळ टिकलं. बिटर्न ०.

उत्तरेला म्हशींच्या जुन्या लोळण्यांमध्ये आता वीतभर पाणी आहे आणि तिथे पाणलावे होते, मी तिथे याआधी कधीच पाहिले नव्हते. भोवत्या दोनदा आला, दुर्बीणवालीने दोनदा शून्यापासून मोजलं.

यंदा कोणते दोन तुकडे कापायचे हे ठरवायला येत्या रविवारी भेटतोय, सकाळी साडेसहा, बांधावर. म्हशीवाले दादा, तुम्ही हवेतच.

म्हशीवाला | १९ जानेवारी, रात्री ९:४०

येतो. पण साडेसहाला नाही, धारा काढून झाल्यावर. तवर कुणी काही कापू नका.